ढकलपास : एका कायद्याची दीडशे वर्षांची गोष्ट

मंडळी, "आठवीपर्यंत नापासच करत नाहीत, मग पोरं अभ्यास कशाला करतील?" हे वाक्य तुम्ही गेल्या पंधरा वर्षांत किती वेळा ऐकलंत? मी तर ते रिक्षात ऐकलंय, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकलंय, आणि वाशी ते सीएसटी लोकलमध्ये तर दर दोन दिवसांनी ऐकतो. ह्या वाक्याला आपल्याकडे एक झकास शब्दही मिळालाय : ढकलपास. बंद पडलेली गाडी धक्का मारून पुढे न्यावी तसं पोराला वरच्या वर्गात ढकलायचं. शब्द इतका चपखल आहे की तो उच्चारला की वादच संपतो. कुणी विचारत नाही की बुवा, हा कायदा नेमका काय म्हणत होता? तो आला कुठून? आणि आता तो आहे का, की गेला?

म्हणून ह्या वीकेंडला जरा खोदकाम. आधीच सांगतो, मी शिक्षणतज्ज्ञ वगैरे नाही, कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे. पण हा कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला तेव्हा मी शाळेत होतो, आणि आठवीपर्यंत परीक्षेने घाबरवलेल्या शेवटच्या बॅचेसपैकी आमची एक. त्यामुळे विषय तसा घरचाच आहे.

तर आधी कायदा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९. राष्ट्रपतींची सही २६ ऑगस्ट २००९ ची. त्यातलं कलम १६ म्हणायचं की शाळेत दाखल झालेल्या कुठल्याही मुलाला प्राथमिक शिक्षण (म्हणजे आठवी) पूर्ण होईपर्यंत कुठल्याच वर्गात मागे ठेवायचं नाही आणि शाळेतून काढायचंही नाही. कलम ३० म्हणतं की आठवी पूर्ण होईपर्यंत कुठलीही बोर्डाची परीक्षा पास व्हायची अट नको. आणि कलम २९ म्हणतं की मुलाला किती समजलंय आणि ते वापरता येतंय का, ह्याचं सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन करा.

ही तीन कलमं नीट बघा. मागे ठेवू नका. बोर्डाची परीक्षा घेऊ नका. पण मूल्यमापन मात्र सतत करा. ह्यात "परीक्षा बंद" कुठेही लिहिलेलं नाही! पेपर घेऊ नका, तपासू नका, मुलांना काय येत नाही ते बघू नका, असं एकही वाक्य कायद्यात नव्हतं. तरीही आपण सगळ्यांनी तो "परीक्षा बंद" असाच वाचला. का वाचला? कारण आपल्याकडे परीक्षा म्हणजे मोजमाप नाहीच मुळी. परीक्षा म्हणजे दरवाजा. आणि हा दरवाजा कधी बसवला ते बघायला जरा मागे जावं लागतं.

मुंबई विद्यापीठ सुरू झालं १८५७ मध्ये. पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली १८५९ मध्ये. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले चार बी. ए. झाले त्यातही हे दोघं होते. ही मॅट्रिक शाळेची परीक्षा नव्हतीच, ती कॉलेजची प्रवेशपरीक्षा होती. पण कॉलेजात जाणारे मूठभर, आणि सरकारी कचेरीत चिकटायला मॅट्रिकचा कागद पुरायचा. त्यामुळे थोड्याच वर्षांत सबंध शाळा त्या एका परीक्षेकडे तोंड करून उभी राहिली. खेड्यात हाच मान सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनलला. फायनल पास झालेला माणूस मास्तर होऊ शकायचा, तलाठी होऊ शकायचा. नापास झालेला परत शेतावर. "नॉनमॅट्रिक" हा शब्द आपल्या आजोबांच्या पिढीत माणसाच्या ओळखीचा भाग होता, हे आठवतंय ना?

आणि गंमत बघा. परीक्षेच्या निकालावर नुसती पोरांची नव्हे, शाळेची कमाईही ठरायची! इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो नावाच्या मंत्र्याने नियम आणला : इन्स्पेक्टर येणार, पोरांना वाचन, लेखन आणि गणित विचारणार, जितकी पोरं पास तितकं अनुदान. 'निकालाप्रमाणे पैसे.' त्याच दशकात ही पद्धत मुंबई इलाख्यातही आली. आज आपल्या कंपन्यांमध्ये टार्गेट आणि व्हेरिएबल पे असतो ना, अगदी तसंच. आणि त्याचं जे व्हायचं तेच झालं. मास्तर लोक इन्स्पेक्टरच्या दिवसासाठी पोरांकडून धडे घोकून घ्यायला लागले. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः इंग्लंडात शाळा-इन्स्पेक्टर होता, त्याने ह्या पद्धतीवर वर्षानुवर्षं टीका केली.

पण मला ह्यातला सगळ्यात धारदार आक्षेप सापडला तो इथे, पुण्यात. १८८२ साली सरकारने हंटर कमिशन नेमलं, भारतातल्या शिक्षणाची पाहणी करायला. त्या कमिशनपुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी एक निवेदन दिलं. आपल्याला ह्या निवेदनाबद्दल शाळेत एका ओळीत शिकवतात : "फुल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं अशी मागणी केली." एक मार्क. पुढचा प्रश्न. पण ते निवेदन मुळातून वाचलंत तर त्यातला माणूस चक्क सिस्टीम अॅनॅलिस्ट वाटतो.

फुल्यांचं म्हणणं थोडक्यात असं. निकालाप्रमाणे पैसे ही पद्धत गरीब आणि अजून शिक्षणाची गोडी न लागलेल्या समाजासाठी कामाची नाही. कारण अशा वस्तीत शाळा काढणाऱ्या मास्तराचं पोटच भरणार नाही, मग तो तिथे जाईलच कशाला? दुसरं, स्कॉलरशिपबद्दल. स्पर्धा घेऊन स्कॉलरशिप वाटणं हे कागदावर न्याय्य दिसतं, पण त्याने ज्यांच्या घरात शिक्षण आधीच पोचलंय त्यांनाच ती मिळत राहते, बाकीच्यांपर्यंत शिक्षण पसरत नाही. तिसरं, तपासणीबद्दल. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातो त्याचा काडीचा उपयोग नाही. निदान दर तीन महिन्यांनी या, आणि कधीकधी न कळवता या.

हे १८८२ साली! वर्षाअखेरीच्या एका मोठ्या परीक्षेऐवजी वारंवार, छोटी, अचानक तपासणी. आणि तपासायचं कुणाला? आधी व्यवस्थेला. आपण सॉफ्टवेअरवाले हेच "कंटिन्युअस टेस्टिंग" म्हणून पीपीटीत घालतो आणि क्लायंटला विकतो :)

'निकालाप्रमाणे पैसे' ही पद्धत पुढे इंग्लंडात १८९० च्या दशकात गुंडाळली गेली. आपल्याकडे १९०४ च्या कर्झनच्या शैक्षणिक ठरावाने तिचा नाद सोडला. पैसे गेले, पण घोकंपट्टी राहिली.

आता पुढचा टप्पा, आणि माझ्या मते हाच ह्या सगळ्या गोष्टीचा कणा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिक्षणात एक नवा शब्द आला : सक्ती. बडोद्याच्या सयाजीरावांनी आधी अमरेलीत आणि मग १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मार्च १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी आपटलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचा कायदा केला, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंडासकट.

आता विचार करा. जोपर्यंत शाळा ही ज्याला हवी त्याची होती, तोपर्यंत नापास करण्यात एक तर्क होता. तू आलास, तुला जमलं नाही, जा घरी. पण सरकार जेव्हा म्हणतं की तू आलाच पाहिजेस, न आलास तर तुझ्या बापाला दंड करीन, आणि मग आल्यावर त्याच पोराला म्हणतं की तू नापास, पुन्हा त्याच बाकावर बस, तेव्हा प्रश्न उलटा होतो. सक्ती करणाऱ्यावर शिकवायची जबाबदारी येते. मग पोरगं नापास झालं तर नापास नक्की कोण झालं?

हा प्रश्न आकड्यांत पहिल्यांदा दिसला तो १९२९ च्या हारटॉग समितीच्या अहवालात. १९२२-२३ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात पहिलीत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत फक्त १८ उरली होती. १८! बाकीची कुठे गेली? काही शाळा सोडून गेली, काही पहिली-दुसरीतच गोल गोल फिरत राहिली. पहिल्या प्रकाराला आपल्याकडे गळती म्हणतात, दुसऱ्याला स्थगिती. आणि दुसरा प्रकार पहिल्याचा जन्मदाता. दोनदा पहिलीत बसलेलं पोर तिसऱ्यांदा येतच नाही. गुरं राखायला जातं.

ह्या गळतीच्या मागे हात धुऊन लागलेला माणूस म्हणजे जे. पी. नाईक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. आयोगाने सुचवलं की पहिली आणि दुसरी, आणि जमेल तिथे पहिली ते चौथी, हा एकच सलग तुकडा धरा. मधे पास-नापासाची भिंतच नको. प्रत्येक मूल आपापल्या वेगाने जाईल. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही प्राथमिक स्तरावर नापास न करण्याचं धोरण कायम ठेवायचं म्हटलं. म्हणजे २०१० मध्ये दिल्लीतल्या कुणा एसी खोलीत अचानक सुचलेली ही आयडिया नव्हती. तिच्यामागे निदान ऐंशी वर्षांचे आकडे होते.

नाईकांनी १९७५ मध्ये एक पुस्तक लिहिलं, समता, गुणवत्ता आणि संख्या ह्या त्रिकोणाबद्दल. आपल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये स्कोप, वेळ आणि पैसा असा त्रिकोण शिकवतात ना, त्याचा हा शाळेतला भाऊ. तीन टोकं एकदम धरायला गेलात की एक सुटतं. आपण आधी संख्या धरली, मग समता धरली, आणि तिसरं टोक सुटलं. कसं सुटलं ते आता सांगतो.

महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० ला शासन निर्णय काढला, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा. खरं सांगतो, हे डिझाईन मला आवडलं. मूल्यमापनाचे दोन भाग. आकारिक, म्हणजे वर्षभर चालू असलेलं. आणि संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटी. पहिली-दुसरीला आकारिक ७० टक्के, संकलित ३०. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. पाचवी-सहावीला ५०-५०. सातवी-आठवीला ४० आणि ६०. म्हणजे पोरगं लहान असताना परीक्षेचं वजन कमी, मोठं होईल तसं वाढत जाणार. आकारिकची साधनंही किती : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय वगैरे. आणि मार्कांऐवजी अ-१, अ-२ अशा श्रेण्या, सोबत प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी.

कागदावर सुंदर. आता अंमलबजावणी. एका वर्गात चाळीस-पन्नास पोरं. एकेका पोराच्या, एकेका विषयाच्या नोंदी. ह्यासाठी मास्तरांना किती ट्रेनिंग मिळालं, किती वेळ मिळाला? मग व्हायचं तेच झालं. तयार वर्णनात्मक नोंदींच्या पुस्तिका निघाल्या, पीडीएफ फिरू लागल्या. "परिसरातील घटकांची माहिती सांगतो." "वर्गातील चर्चेत उत्साहाने भाग घेतो." कॉपी, पेस्ट, कॉपी, पेस्ट. स्प्रिंटच्या शेवटी आपण जिरामध्ये टाइमशीट भरतो ना, त्याच निष्ठेने!

इथे कायद्याच्या वेळापत्रकाकडेही बघायला हवं. नापास न करणं लागू झालं पहिल्या दिवशी, कारण त्याला एक पैसा लागत नाही. शाळांच्या खोल्या, संडास, मैदान, ग्रंथालय ह्यासाठी तीन वर्षांची मुदत. अप्रशिक्षित शिक्षकांना पात्रता मिळवायला पाच वर्षं, जी पुढे वाढवून मार्च २०१९ पर्यंत नेली. म्हणजे जुनी सिस्टीम पहिल्याच दिवशी बंद केली, आणि नवीन सिस्टीम टप्प्याटप्प्याने येणार. कुठल्याही ज्युनिअर इंजिनिअरला विचारा की असं मायग्रेशन करशील का? तो कानाला हात लावेल.

परिणाम दिसायला लागले. 'प्रथम' संस्था २००५ पासून 'असर' नावाचा सर्व्हे करते, ग्रामीण भागात घरोघरी जाऊन पोरांना एक छोटा उतारा वाचायला देते. देशभरात पाचवीतल्या साधारण निम्म्याच पोरांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो, असं ते आकडे वर्षानुवर्षं सांगत आलेत. टीव्हीवर, पेपरात ओरड सुरू झाली : बघा, ढकलपासने वाट लावली. पण हे आकडे २०१० च्या आधीही काही भूषणावह नव्हते हो! तेव्हा नापास होण्याची भीती होती, वार्षिक परीक्षा होती, आणि तरीही पाचवीतल्या निम्म्या पोरांची तीच गत होती. भीतीने वाचायला येत असतं तर तेव्हाच आलं असतं.

पण राजकारणात हे कोण ऐकतो? सीबीएसईने दहावीची बोर्डाची परीक्षा २०११ पासून ऐच्छिक केली होती, ती २०१८ मध्ये पुन्हा सक्तीची केली. आणि संसदेने कलम १६ बदललं. दुरुस्ती विधेयक लोकसभेत जुलै २०१८ मध्ये आणि राज्यसभेत ३ जानेवारी २०१९ ला मंजूर झालं. आता पाचवी आणि आठवीच्या शेवटी नियमित परीक्षा, नापास झालं तर दोन महिन्यांत दुसरी संधी, आणि तरीही नापास तर त्याच वर्गात ठेवायचं की नाही ते राज्याने ठरवायचं. महाराष्ट्राने मे २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ पासून पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा परत आणली. पुनर्परीक्षेतही नापास झालेलं मूल आता त्याच वर्गात बसतं. केंद्राने स्वतःच्या शाळांसाठी हेच डिसेंबर २०२४ मध्ये केलं. तेव्हा लोकलमधल्या त्या काकांना सांगा, काका, तुमचा ढकलपास पाचवी आणि आठवीपुरता तरी कधीच इतिहासजमा झाला.

आणि अजून एक मजा. कायद्याने बोर्डाची परीक्षा काढली, पण चाचण्या कमी झाल्या का? मुळीच नाही. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं, त्याबरोबर पायाभूत चाचण्या आल्या. पुढे नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आल्या. स्कॉलरशिपची परीक्षा चौथी-सातवीची होती, ती पाचवी-आठवीला नेली, आणि २०२५ मध्ये पुन्हा चौथी-सातवीला न्यायचं ठरलं. परीक्षा ही आपल्याकडे पाण्यासारखी आहे. एका फटीत बोळा घातलात की दुसरीकडून झिरपते. अमेरिकेतही हेच. तिथे २००२ च्या कायद्याने तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी वाचन आणि गणिताच्या चाचण्या आणल्या, निकाल वाईट तर शाळेवर कारवाई. लोच्या व्हायला वेळ लागला नाही : अटलांटा शहरात शिक्षकांनीच मुलांच्या उत्तरपत्रिका खोडून दुरुस्त केल्याचं उघडकीला आलं, आणि २०१५ मध्ये ११ जण दोषी ठरले. टेक्सासच्या पालकांनी ओरडा केला तेव्हा २०१३ मध्ये कायदा करून हायस्कूलच्या सक्तीच्या परीक्षा १५ वरून ५ वर आणल्या. म्हणजे जगभर लंबक फिरतोय. आणि आपल्याकडे १९८२ चा परीक्षेतले गैरप्रकार रोखायचा खास कायदा आहेच की! कॉपी पकडायला कायदा करावा लागतो, ह्यातच परीक्षेवर आपण किती ओझं टाकलंय ते आलं.

आता तुम्ही म्हणाल, ते ठीक आहे रे, पण परीक्षेने निदान खरं काय ते कळतं ना? बघू या. आपल्या राज्याच्या दहावीचे निकाल घ्या. २०१८ : ८९.४१ टक्के. २०१९ : ७७.१० टक्के. २०२० : ९५.३० टक्के. एका वर्षात महाराष्ट्रातली पोरं बारा टक्क्यांनी ढ झाली आणि पुढच्या वर्षी अठरा टक्क्यांनी हुशार? तसं काही नाही. २०१९ मध्ये भाषा आणि समाजशास्त्राचे शाळेच्या हातातले २० मार्क काढून टाकले होते, २०२० मध्ये ते परत दिले. कोविडच्या २०२१ मध्ये तर परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावला : ९९.९५ टक्के. मग अकरावीच्या प्रवेशासाठी सरकारने वेगळी सीईटी काढली, ती मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०२१ ला रद्द केली. पोरं तीच, शाळा त्याच. पट्टी बदलली की उंची बदलते. अशा पट्टीवर सोळा वर्षांच्या पोराचं आयुष्य तोलतो तेव्हा निदान दहा वर्षांच्या पोराला तरी तिच्यापासून लांब ठेवावं, इतकंच कायदा म्हणत होता.

हे सगळं मला नुसतं वाचून पटलं असतं की नाही, माहीत नाही. ऑफिसातले आम्ही काही जण शनिवारी एका वस्तीत गणित शिकवायला जातो. आपल्या नवी मुंबईचं एक विचित्र आहे. सिडकोने सेक्टर आखले तेव्हा शाळांसाठी प्लॉट राखून ठेवले. पामबीचच्या बाजूला एकेका शाळेची फी आपल्या ईएमआयइतकी. आणि इकडे दिघा-तुर्भ्याकडे, पारसिकच्या डोंगरालगत, जिथे दगडखाणींवर काम करायला कुठून कुठून माणसं आली, तिथली पोरं. सहावीतली एक मुलगी. घरी तेलुगू, शाळेत मराठी, मधे दोन वर्षं गावाला. तिला भागाकार येत नाही. पण हातावरचा हिशोब चोख, कारण आईच्या भाजीच्या टोपलीवर ती बसते. शंभराची नोट दिलीत तर सुट्टे किती परत द्यायचे ते तुमच्या आधी सांगेल. तिला भागाकार शिकवायला आम्हाला तीन शनिवार लागले. फक्त तीन! शाळेतली सहा वर्षं ते राहून गेलं होतं, कारण ती नेमकी कुठे अडकली आहे ते कुणी थांबून बघितलंच नव्हतं.

आता सांगा, जुन्या पद्धतीत हिला काय मिळालं असतं? पाचवीत नापासाचा शिक्का. त्याच वर्गात, तोच धडा, त्याच पद्धतीने, आणखी एक वर्ष. वय अकरा, घरी लहान भावंडं. तिच्या आईबापाने काय ठरवलं असतं, ते हारटॉगच्या अहवालात १९२९ सालीच लिहून ठेवलंय. नव्या पद्धतीत तिला काय मिळालं? ढकलून सहावी, आणि एक तयार छापील नोंद. आणि आताच्या तिसऱ्या पद्धतीत तिच्या धाकट्या भावाला पाचवीत काय मिळणार? परीक्षा, पुनर्परीक्षा, आणि मधल्या दोन महिन्यांत त्याला शिकवलं तर शिकवलं. सगळा खेळ त्या दोन महिन्यांचा आहे. त्या दोन महिन्यांत त्याच्याशेजारी बसणारं कुणी असलं तर कायद्यात नापास असो वा नसो, काही फरक पडत नाही. कुणी नसलं तरीही फरक पडत नाही.

बिल्ड फेल झाला तर आपण काय करतो? लॉग उघडतो. कुठली ओळ, कुठला एरर, कोणाचा कमिट. "फेल" एवढंच सांगून गप्प बसणारं टूल आपण एक दिवस चालवून घेणार नाही. पण शाळेत आपण दीडशे वर्षं नेमकं तेच टूल वापरतोय. लाल शाईने एक आकडा. कधी त्याला मॅट्रिक म्हटलं, कधी फायनल, कधी वार्षिक. आणि ते टूल बंद केलं तेव्हा लॉगही बंद केला. वाद मात्र सगळा एकाच गोष्टीवर चालू : लाल दिवा लावावा की लावू नये.

बरं, व्यवस्था मोजायची तर सगळ्या पोरांची परीक्षा लागतच नाही. काही शाळांतल्या काही पोरांचा नमुना घेऊन राज्याची, जिल्ह्याची तब्येत कळते. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण तेच करतं. तिथे कुणी पास नाही, कुणी नापास नाही. फिनलंडमध्ये तर सगळ्या देशाची एकच मोठी शालेय परीक्षा आहे, तीही उच्च माध्यमिकच्या शेवटी. त्याआधी मुलाला काय येतं ते त्याचा शिक्षक सांगतो आणि लोक त्यावर विश्वास ठेवतात. आपण ठेवू का? आपण तर मुलाच्या बालवाडीच्या रिपोर्ट कार्डावर भांडतो.

असो. पेपर कसे काढावेत, किती मार्कांचे, पाचवीला की आठवीला, ह्यावर मंत्रालय अजून वीस शासन निर्णय काढेल. सरकार बदललं की स्कॉलरशिपही परत कुठल्यातरी इयत्तेत जाईल. माझं म्हणणं एवढंच आहे की पुढच्या वेळी लोकलमध्ये कुणी ढकलपासचा विषय काढला, तर त्याला एक साधा प्रश्न विचारा : नापास झालेल्या पोराला दुसऱ्या दिवशी कोण शिकवणार? १८८२ मध्ये पुण्याहून एका माणसाने कमिशनला थोडाफार हाच प्रश्न विचारला होता. अजून उत्तर आलेलं नाही. कुणाला उत्तर शोधायचं असेल तर शनिवारी सकाळी दहाला या. तिघंचौघं आहोत आम्ही, आणि पोरं चाळीस.